स्लायडर सरकवला की आत काय होतं?

खिडकीशी बसलेल्या आजीचा एक फोटो माझ्याकडे आहे. चेहरा काळवंडलेला, मागची खिडकी पांढरीफटक. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून ‘शॅडोज’चा स्लायडर उजवीकडे नेला, तर गालावरच्या सुरकुत्या दिसायला लागल्या. मग मोठ्या आशेने ‘हायलाइट्स’ डावीकडे ओढला. खिडकीबाहेर झाड होतं, मला पक्कं आठवतंय. झाड काही आलं नाही, पांढऱ्याचं नुसतं राखाडी झालं. अंधारातून चेहरा निघतो, मग उजेडातून झाड का निघत नाही?

डिजिटल फोटो म्हणजे आकड्यांचा तक्ता. 1957 साली अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो स्कॅन करून संगणकात घातला, तेव्हा त्या तक्त्यात 176 ओळी आणि 176 रकाने होते. जेमतेम 31 हजार चौकटी. आज 24 मेगापिक्सेलच्या फोटोत 6000 रकाने आणि 4000 ओळी असतात, आणि जेपेग फोटो उघडला की प्रत्येक चौकटीत लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाचा एकेक आकडा मिळतो, 0 ते 255 मधला. हल्लीची सॉफ्टवेअर चेहराबिहरा ओळखतात हे खरं, पण शेवटी बदलतात ते हे आकडेच.

उजेड वाढवणं म्हणजे ढोबळमानाने बेरीज. समजा आकाशाच्या एका पिक्सेलचा आकडा 230 आहे आणि शेजारच्या ढगाचा 250. दोन्हींत 30 मिळवले तर 260 आणि 280 व्हायला हवेत. पण 255च्या वर जागाच नाही, म्हणून दोन्हीकडे 255. असाच फोटो सेव्ह केला आणि नंतर पस्तावून 30 वजा केले, तर दोन्हीकडे 225. उजेड परत मूळपदावर आल्यासारखा वाटतो, पण ढग गेला तो गेलाच.

आजीच्या खिडकीचं हेच झालं, फक्त सॉफ्टवेअरच्या कितीतरी आधी, क्लिक केल्या क्षणी. सेन्सरवरचा प्रत्येक ठिपका प्रकाश साठवणारं इवलंसं भांडं असतं. ते भरून वाहू लागलं की वर किती सांडलं याचा हिशोब कोणी ठेवत नाही. झाड आणि आभाळ, दोन्हींची भांडी काठोकाठ. त्यात फरकच उरला नाही, तर वजाबाकी करून काय मिळणार?

चेहऱ्याच्या भांड्यात मात्र थोडं का होईना, काहीतरी होतं. ‘थोडं’ हा शब्द महत्त्वाचा. रॉ फाइल म्हणजे सेन्सरचे कच्चे आकडे जसेच्या तसे ठेवणारी फाइल. 12 बिटच्या रॉ फाइलमध्ये उजेडाच्या एकूण 4096 पायऱ्या असतात. प्रकाश निम्मा झाला की आकडाही निम्मा होतो, त्यामुळे सगळ्यात उजळ टप्प्याच्या वाट्याला 2048 पायऱ्या जातात, पुढच्याला 1024, मग 512, 256, 128. सावलीतला चेहरा या उतरंडीच्या तळाशी. त्यात प्रकाशकण मुळात कमी आलेले, म्हणजे त्यांच्या येण्यातला अनियमितपणा तुलनेने मोठा. स्लायडर चेहऱ्यासोबत तोही उजळवतो, आणि गालावर जे रवाळ दाणे उमटतात ते हेच.

शार्पनिंगची गंमत वेगळीच आहे. फोटो ‘शार्प’ केला की तपशील वाढतात असा समज असतो. मुळीच वाढत नाहीत. एका कडेजवळचे सहा पिक्सेल घ्या: 100, 100, 100, 160, 160, 160. आता प्रत्येकाची त्याच्या दोन शेजाऱ्यांसोबत सरासरी काढली, म्हणजे मुद्दाम धूसर केलं, तर कडेवरचे दोन आकडे 120 आणि 140 होतात. मूळ आकडा धूसर आकड्यापेक्षा जितका वेगळा, तितका फरक मुळात परत मिळवायचा. 100 चे झाले 80, 160 चे झाले 180. नवी ओळ: 100, 100, 80, 180, 160, 160. म्हणजे कडेच्या अंधाऱ्या बाजूला एक काळी रेघ आणि उजळ बाजूला एक पांढरी रेघ ओढली, बाकी काही नाही. आपल्या डोळ्याला कडाच आधी दिसतात, म्हणून तो फसतो आणि चित्र टोकदार म्हणतो. या युक्तीचं नाव ‘अनशार्प मास्क’, आणि ती संगणकाची नाही. डार्करूममध्ये निगेटिव्हला तिचीच धूसर प्रत जोडून हेच करत असत. हात सैल सोडला तर डोंगराभोवती पांढरं वलय उमटतं, ते या रेघेचंच.

आता माझी एक चूक. आजीच्या फोटोची जेपेग मी दरवेळी थोडा बदल करून त्याच नावाने सेव्ह करत गेलो. जेपेग फोटोचे 8 बाय 8 पिक्सेलचे तुकडे पाडते, प्रत्येकाचं लहरींमध्ये रूपांतर करते आणि डोळ्याला फारशा जाणवणार नाहीत अशा बारीक लहरी गाळते. यामागचं गणित नासिर अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1974 साली मांडलं. एकदा गाळलं तर कळतही नाही. पण बदल करून पुन्हा सेव्ह केलं की पुन्हा गाळणी लागते. भिंतीवर चौकोन दिसायला लागले तेव्हा मला जाग आली. नशिबाने रॉ फाइल जागेवर होती. रॉ हाताळणारी सॉफ्टवेअर मूळ आकड्यांना हात लावत नाहीत, फक्त ‘उजेड एवढा, रंग एवढा’ अशा सूचना वेगळ्या लिहून ठेवतात.

दाखवायचा फोटो कुठे दिसणार हे आधी ठरवावं. 6000 बाय 4000चा फोटो 1080 ओळींच्या पडद्यावर पूर्ण बसवला की पडद्याच्या एका ठिपक्यात मूळचे जवळपास 14 पिक्सेल मिसळले जातात. त्या सरासरीत दाणे बरेच विरतात, आणि आधी मेहनतीने ओढलेल्या कडेच्या रेघाही. म्हणून शार्पनिंग आकार लहान केल्यावर, सगळ्यात शेवटी. आणि वेबसाठी रंगांची मोजपट्टी ‘एसआरजीबी’च बरी. मोठ्या मोजपट्टीतला फोटो ती न ओळखणाऱ्या ठिकाणी फिका पडतो.

झाडाचं काय? हल्लीची सॉफ्टवेअर तिथे झाड रंगवूनही देतात. मी करून पाहिलं. छान झाड आलं, पण ते आमच्या खिडकीबाहेरचं नव्हतं. मग मी खिडकीच क्रॉप करून टाकली. उरले 2400 बाय 3000 पिक्सेल. इंचाला 300च्या हिशोबाने 8 बाय 10 इंचांची प्रिंट निघाली. गालावर थोडे दाणे आहेत, पण हातभर लांबून दिसत नाहीत.