कास्टिंग काउच

कास्टिंग काउच म्हणजे सिनेमा, सिरीयल, वेब सिरीज, जाहिरात, अल्बम, मॉडेलिंग अशा कुठल्याही शो बिझनेसमध्ये काम देण्याचा किंवा काढून घेण्याचा अधिकार हातात आहे म्हणून समोरच्याकडे शरीरसुखाची मागणी करणं. मागणारा प्रोड्यूसर असतो, डायरेक्टर असतो, कास्टिंगवाला असतो, कोऑर्डिनेटर असतो, कधी कधी तर ज्याच्या हातात खरंच काही नाही असा नुसता ‘ओळख करून देतो’ म्हणणारा मधला माणूसही असतो. मुलीनं होकार दिला का, काम मिळालं का, यानं काही फरक पडत नाही, कामाच्या बदल्यात मागितलं तिथंच अधिकाराचा गैरवापर झाला. बळी बहुतेक वेळा मुली आणि बायका असतात पण मुलगेही सुटत नाहीत, आयुष्मान खुरानानं सुरुवातीच्या काळात एका कास्टिंगवाल्याकडून असा अनुभव आल्याचं जाहीरपणे सांगितलेलं आहे.

ही नोंद इंदूरच्या मराठी घरांच्या बाजूनं लिहिली आहे, कारण घटना घडते मुंबईत पण त्याआधीचं आणि नंतरचं बरंच काही इथं, रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, वैशाली नगरमधल्या घरांमध्ये घडतं.

इंदूरमधून कोण जातं

लता मंगेशकरांचा जन्म इथला, १९२९ चा. गीतकार स्वानंद किरकिरे इथले. त्यामुळे ‘इंदूरची मुलं मुंबईत नाव काढतात’ हे इथल्या घरांत लहानपणापासून कानावर पडतं. गणेशोत्सवातली एकांकिका, शाळेचं गॅदरिंग, सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या प्रयोगांना येणारी मुंबई-पुण्याची नाटकं, मग एखादी हौशी संस्था, आणि हल्ली रील्स. कौतुक सगळे करतात, काका-मावशी व्हिडिओ फॉरवर्ड करतात, पण पोरगी ‘मी मुंबईला जाऊन ट्राय करते’ म्हणाली की घरात शांतता पसरते. शेवटी एक वर्षाच्या बोलीवर परवानगी मिळते आणि अवंतिका एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून ती सकाळी मुंबईत उतरते, आणि त्या एका वर्षात काहीतरी करून दाखवायचंय हे ओझं डोक्यावर असतं. गैरफायदा घेणाऱ्याला नेमकं हेच ओझं हवं असतं. तिला वेळ कमी आहे, पैसे संपत आलेत, रिकाम्या हातानं परत गेली तर ‘सांगितलं होतं ना’ ऐकावं लागणार आहे, हे त्याला पहिल्या दहा मिनिटांच्या गप्पांत कळतं.

कसं चालतं

मुळात या धंद्यात निवड का झाली किंवा का नाही झाली याचा कागद कुठंच नसतो. बँकेच्या परीक्षेत मार्क दिसतात, इथं ‘लुक मॅच झाला नाही’ एवढं एक वाक्य पुरतं आणि त्याला आव्हान देता येत नाही. एका छोट्या रोलसाठी शेकडो प्रोफाइल पडलेले, कॉन्ट्रॅक्ट बहुतेक वेळा शूटिंगच्या तोंडावर हातात येतं, सिरीयलचे पैसे यायला तीन-तीन महिने लागतात, आणि माणसं तीच ती फिरत असतात, त्यामुळे ‘ती जरा कटकटी आहे’ असा एक फोन पुरेसा असतो. एवढा अधिकार एका माणसाकडे, त्यावर देखरेख कुणाचीच नाही, आणि समोरची व्यक्ती गरजू. कास्टिंग काउच यातून उभा राहतो. मुलींच्या कपड्यांतून किंवा स्वभावातून नाही, हे स्पष्ट लिहिणं गरजेचं आहे कारण आपल्याकडे चर्चा नेहमी तिकडेच घसरते.

पहिला मेसेज फार सभ्य असतो. ‘हाय डिअर, आपका प्रोफाइल शॉर्टलिस्ट हुआ है, वेब सीरीज में पैरेलल लीड है.’ मग उंची, वय, पोर्टफोलिओ, इंट्रो व्हिडिओ. इथपर्यंत सगळं खऱ्या कास्टिंगसारखंच. मग विचारतात बोल्ड सीन चालतील का. हा प्रश्न खऱ्या कामातही येतो आणि त्यात गैर काही नाही, पण तिथं तो स्क्रिप्टसोबत येतो आणि कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिला जातो. इथं स्क्रिप्ट मागितली की ‘वो सर मीटिंग में बताएंगे’. त्यानंतर येतो तो प्रश्न ज्याचा रोलशी काहीही संबंध नसतो: अकेली आओगी ना, मम्मी साथ में क्यों? आणि मग ‘थोडा कॉम्प्रोमाइज’, ‘थोडी एडजस्टमेंट’, ‘सर को कोऑपरेट करना पड़ेगा’. कुठल्याच मेसेजमध्ये उघड शब्द नसतो, हे मुद्दाम असतं, उद्या तक्रार झालीच तर म्हणता यावं की मी तर तारखा ॲडजस्ट करण्याबद्दल बोलत होतो.

दुसरी पद्धत म्हणजे शेवटच्या क्षणी जागा बदलणं. ऑडिशन दुपारी चारला ऑफिसात ठरलेली असते, ती तिथं पोचते, मग फोन येतो की सर अडकलेत, आठ वाजता हॉटेलवर ये. खऱ्या ऑडिशन आज बहुतेक घरून व्हिडिओ शूट करून पाठवायच्या असतात, नाहीतर अंधेरी-वर्सोवा भागात, आरामनगरसारख्या ठिकाणी, दिवसाढवळ्या, बाहेर रांगेत वीसजण बसलेले असताना होतात. अमेरिकेतल्या कलाकारांच्या युनियननं, सॅग-आफ्ट्रानं, एप्रिल २०१८ मध्ये थेट सांगितलं की हॉटेलच्या खोलीत किंवा कुणाच्या घरी ऑडिशन किंवा मिटिंग ठेवू नका आणि कलाकारांनीही तिथं जायला होकार देऊ नका. आपल्याकडे ऑडिशनसाठी किंवा ‘कार्ड बनवायला’ पैसे मागणारेही पुष्कळ आहेत, खरं कास्टिंग कलाकाराकडून पैसे घेत नाही.

आणि हे सगळं मुंबईतच होतं असंही नाही. २०२० मध्ये इंदूरमध्येच वेब सिरीजच्या नावाखाली मुलींना बोलावून आक्षेपार्ह शूटिंग केल्याच्या तक्रारी सायबर पोलिसांकडे गेल्या आणि अटकाही झाल्या. महेश्वर इंदूरपासून साधारण ९० किलोमीटर, तिथल्या घाटावर आणि किल्ल्यात हिंदी, मराठी, दक्षिणेतली शूटिंग सतत चालू असतात, मध्य प्रदेश सरकारनं २०२० मध्ये फिल्म पॉलिसी आणल्यावर राज्यात काम अजून वाढलं. काम वाढलं की लोकल क्राउड पुरवणारे, ‘ज्युनियर आर्टिस्ट पाहिजेत’ म्हणणारे वाढतात, त्यात भले लोक आहेतच, पण कुणाचंही नाव कुठं नोंदलेलं नसतं.

थोडा इतिहास

दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषानं केलं कारण काम करायला बाई मिळेना. सिनेमात जाणारी बाई चांगल्या घरातली नसते, ही समजूत इतकी घट्ट होती. पुढे दुर्गा खोट्यांसारख्या सुशिक्षित घरातल्या बायका आल्या, वातावरण बदललं, पण त्या समजुतीचा एक तुकडा अजून शिल्लक आहे, की या धंद्यात गेली म्हणजे तिनं हे मान्य करूनच पाऊल टाकलं. २०१८ च्या एप्रिलमध्ये ज्येष्ठ नृत्यदिग्दर्शिका सरोज खान सांगलीत बोलताना म्हणाल्या होत्या की हे पूर्वापार चालत आलंय आणि इंडस्ट्री निदान पोट तरी भरते. खूप टीका झाली, त्यांनी माफी मागितली. मला ते ऐकून राग आला होता पण त्याहून जास्त वाईट वाटलं, लहानपणापासून या धंद्यात वाढलेल्या बाईला सुद्धा हे नैसर्गिक वाटावं इतकं ते मुरलेलं आहे.

जगभर बोलायला सुरुवात झाली ती ऑक्टोबर २०१७ मध्ये, हॉलिवूडचा मोठा प्रोड्यूसर हार्वी वाइनस्टीनच्या लैंगिक अत्याचारांबद्दल न्यूयॉर्क टाइम्स आणि न्यूयॉर्करनं बातम्या दिल्यावर. ‘मी टू’ (‘माझ्याबाबतीतही झालं’) हे शब्द मात्र त्याच्या बरेच आधी, २००६ मध्ये, टराना बर्क या कार्यकर्तीनं वापरायला सुरुवात केली होती. वाइनस्टीनला २०२० मध्ये न्यूयॉर्कमध्ये २३ वर्षांची शिक्षा झाली, ती २०२४ मध्ये वरच्या कोर्टानं रद्द करून फेरखटला लावला आणि २०२५ मध्ये तो पुन्हा एका आरोपात दोषी ठरला, दरम्यान लॉस एंजेलिसच्या केसमध्ये वेगळी १६ वर्षं. म्हणजे इतक्या बायका उभ्या राहूनही कोर्टातली वाट किती वाकडी असते ते दिसतं.

आपल्याकडे सप्टेंबर २०१८ मध्ये अभिनेत्री तनुश्री दत्तानं दहा वर्षांपूर्वीच्या एका सेटवरची तक्रार पुन्हा मांडली आणि मग एकामागून एक बायका बोलल्या. तिच्या केसमध्ये पोलिसांनी २०१९ मध्ये पुरावा मिळाला नाही असा अहवाल दिला. त्याच २०१८ मध्ये बीबीसीच्या माहितीपटात कोल्हापूरची उषा जाधव कॅमेऱ्यासमोर याबद्दल बोलली. ‘धग’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळालेली अभिनेत्री हे सांगते, तेव्हा ‘टॅलेंट असेल तर कुणी हात लावत नाही’ हा घरोघरी दिला जाणारा दिलासा किती पोकळ आहे ते कळतं.

सगळ्यात महत्त्वाचा कागद केरळचा. २०१७ मध्ये तिथं एका अभिनेत्रीवर चालत्या गाडीत अत्याचार झाला, त्यानंतर विमेन इन सिनेमा कलेक्टिव्ह ही सिनेमातल्या बायकांची संघटना उभी राहिली आणि सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती के. हेमा यांची समिती नेमली. अहवाल डिसेंबर २०१९ मध्ये दिला गेला आणि लोकांसमोर आला १९ ऑगस्ट २०२४ ला, तोही नावं आणि काही भाग वगळून. त्यात लिहिलंय की कामाच्या बदल्यात शरीरसुख मागितलं जातं, आउटडोअरला रात्री खोल्यांची दारं ठोठावली जातात, म्हणून मुली आईवडिलांना किंवा नातेवाइकांना सोबत नेतात. सेटवर बायकांसाठी टॉयलेट नाही, कपडे बदलायला जागा नाही, म्हणून कित्येकजणी दिवसभर पाणी पीत नाहीत, हेही त्यातच आहे. मला वाटतं हा तपशील लोक वाचून पुढे जातात आणि तिथंच चुकतं, ज्या जागेत बाईला साधं पाणी प्यायची सोय नाही तिथं तिच्या नकाराला कोण किंमत देणार? अहवालानंतर तिथल्या कलाकारांच्या संघटनेची, अम्माची, कार्यकारिणी मोहनलाल यांच्यासकट पायउतार झाली आणि पोलिसांचं विशेष तपास पथक नेमलं गेलं. हिंदी किंवा मराठी इंडस्ट्रीबद्दल असा सरकारी अहवाल झालेला नाही.

कायदा काय म्हणतो

सुप्रीम कोर्टाचा १९९७ चा विशाखा निकाल आणि त्यावरून आलेला २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा, ज्याला सगळे पॉश म्हणतात. यात तक्रार करणारी बाई तिथं नोकरीला असायलाच हवी अशी अट नाही, त्यामुळे नुसती ऑडिशनला गेलेली मुलगीही तक्रार करू शकते, आणि कामात फायदा देण्याचं आडून दिलेलं आश्वासनही त्यात येतं. मार्च २०२२ मध्ये केरळ हायकोर्टानं सांगितलं की प्रत्येक सिनेमाच्या प्रॉडक्शन युनिटला अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती ठेवावीच लागेल. तक्रारीला मुदत तीन महिन्यांची, योग्य कारण असेल तर अजून तीन.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ६९ आहे, नोकरीचं किंवा बढतीचं खोटं आश्वासन देऊन शरीरसंबंध ठेवले तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा. ‘ती स्वतःच्या पायानं गेली होती’ हे उत्तर इथं पुरत नाही. नुसती मागणी केली तरी कलम ७५ आहे. कलम ७२ मुळे बलात्कारासारख्या गुन्ह्यात पीडितेचं नाव कुणी छापू शकत नाही. मुलगी किंवा मुलगा १८ च्या आतला असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा.

इंदूरच्या घरांना सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे झिरो एफआयआर. घटना मुंबईत झाली आणि मुलगी घरी परत आली असेल तर तक्रारीसाठी पुन्हा मुंबईला जावं लागत नाही, इंदूरच्या कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते आणि ती पुढे योग्य ठाण्याकडे जाते. महिला हेल्पलाइन १८१ आहे.

घर आणि हौशी रंगभूमी

मुली बहुतेक वेळा आईला सांगत नाहीत, मावशीला सांगतात. ‘मावशी, तू आईबाबांना नको ना सांगूस, ते मला परत पाठवणार नाहीत.’ म्हणजे तिला दोन्हीकडून भीती, तिथं काम जाईल आणि इथं परवानगी जाईल. आणि घरी कळलंच तर पहिला प्रश्न येतो ‘तू गेलीसच कशाला तिथं?’ हा प्रश्न प्रेमातून, घाबरून विचारला जातो हे मान्य, पण त्याचा परिणाम असा की पुढच्या वेळी ती कुणालाच फोन करत नाही. ‘तू आत्ता कुठं आहेस’ एवढं विचारलं तरी ती बोलते, आणि मेसेज डिलीट करू नकोस हे त्याच फोनवर सांगता येतं.

हौशी नाटकाबद्दल बोलायला लोक कचरतात. तालमी कुणाच्या तरी घरी, गच्चीवर, दिग्दर्शक म्हणजे सगळ्यांचे काका किंवा दादा, मानधन नाही, सगळं आपुलकीवर. बहुतेक ठिकाणी ती आपुलकी खरी असते आणि त्यातूनच इथल्या मुलांना रंगभूमी मिळते. पण मुख्य भूमिका कुणाला, स्पर्धेला कोण जाणार, हे इथंही एकच माणूस ठरवतो, आणि त्याच्याबद्दल तक्रार करायची म्हणजे अख्ख्या मराठी समाजासमोर उभं राहणं, जिथं लग्नापासून हळदीकुंकवापर्यंत तीच माणसं भेटणार. लहान मुलांच्या बाबतीत मात्र गप्प राहायची मोकळीक कायदा देत नाही, पॉक्सोखाली गुन्हा माहीत असूनही न कळवणं हाच गुन्हा आहे, मग ते कळलेलं दुसऱ्या पालकाला असो की ग्रुपमधल्या मेकअपवाल्याला.

अशा ग्रुपमध्ये बहुतेक वेळा दहा माणसं कामाला नसतात म्हणून अंतर्गत समिती नसते, पण पॉशमध्ये त्यासाठी प्रत्येक जिल्ह्याला स्थानिक समिती ठेवलेली आहे, इंदूर जिल्ह्यालाही ती लागू आहे. छोट्या कास्टिंग ऑफिसविरुद्ध, मॉडेलिंग कोऑर्डिनेटरविरुद्ध, नाटकाच्या ग्रुपमधल्या माणसाविरुद्ध तिथं जाता येतं. तक्रार लेखी द्यायची, सहा प्रतींत, मेसेजचे स्क्रीनशॉट आणि साक्षीदारांची नावं जोडून, आणि मुलीला स्वतःला लिहिणं जमत नसेल तर समितीनं तिला लिहायला मदत करायची असते.