पोलादी जहाजामागची केरोसीनची बाटली

उत्तरेकडे डोके करून झोपल्यास पृथ्वीचे चुंबकत्व रक्तातील लोह मेंदूकडे खेचते, असा संदेश नवी मुंबईतील सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून फिरत असतो. हिमोग्लोबिनमधील लोह खिळ्यासारखे चुंबकाला चिकटत नाही. शिवाय आपल्या परिसरात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र भरते सुमारे ४३,००० नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राच्या तीव्रतेचे एकक), म्हणजे फ्रिजच्या दारावरील चुंबकाच्या साधारण शंभराव्या हिश्श्याइतके.

इतके क्षीण क्षेत्र समुद्रात मोजणे मात्र खरोखर कठीण आहे, कारण न्हावा-शेव्याला लागणाऱ्या जहाजांसारखे कोणतेही पोलादी जहाज स्वतःच चुंबक असते. यावर उपाय म्हणून १९०९ मध्ये ‘कार्नेगी’ हे जवळजवळ लोहविरहित शिडाचे जहाज बांधण्यात आले. आता जहाज पोलादीच असते, पण क्षेत्र मोजणारा संवेदक (सेन्सर) त्याच्या लांबीच्या दोन-तीन पट मागे, केबलला बांधून पाण्यातून ओढत नेतात.

या कामासाठी दीर्घकाळ वापरले गेलेले प्रोटॉन मॅग्नेटोमीटर मला विशेष प्रिय आहे. त्यात केरोसीनसारखा हायड्रोजनयुक्त द्रव भरलेली बाटली आणि तिच्याभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. वेटोळ्यातून काही क्षण जोरदार प्रवाह सोडला, की हायड्रोजनच्या केंद्रकांतील प्रोटॉन त्याच्या क्षेत्राच्या दिशेने किंचित अधिक संख्येने वळतात. प्रवाह एकाएकी तोडला, की ते पृथ्वीच्या क्षेत्राभोवती, कलत्या भोवऱ्याचा अक्ष फिरावा तसे, एका तालात फिरू लागतात आणि त्याच वेटोळ्यात अत्यंत क्षीण प्रत्यावर्ती विद्युतदाब निर्माण करतात. त्याची वारंवारता केवळ क्षेत्राच्या तीव्रतेवर अवलंबून असते: ४३,००० नॅनोटेस्लाला सेकंदाला सुमारे १,८३० आवर्तने, म्हणजे १,८३० हर्ट्झ. एका नॅनोटेस्लाचा फरक ओळखायचा, तर एका हर्ट्झचा साधारण चोविसावा भाग ओळखता आला पाहिजे, आणि तोही संकेत काही सेकंदांत विरून जाण्याच्या आत. बाटली लाटांवर डोलली तरी वारंवारता बदलत नाही. फक्त वेटोळ्याचा अक्ष क्षेत्राला समांतर आला तर संकेत क्षीण होतो, म्हणून वेटोळ्याची रचना विचारपूर्वक करावी लागते. क्षेत्राची दिशा मात्र या उपकरणाला कळत नाही.

आणखी एक अडचण उरते. सूर्यामुळे वरच्या वातावरणात वाहणाऱ्या विद्युतप्रवाहांपायी क्षेत्र दिवसभरात काही दशक नॅनोटेस्लांनी बदलते. किनाऱ्याजवळील मोजणीतून हा बदल वजा करण्यासाठी जमिनीवरील वेधशाळेच्या नोंदी उपयोगी पडतात. आपल्याकडे ते काम अलिबागची वेधशाळा करू शकते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहांनी मोजणी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये तिथल्या कुलाबा वेधशाळेचे चुंबकीय मोजणीचे काम अलिबागला हलवले गेले, आणि आज ती पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अखत्यारीत आहे. खोल समुद्रात, जेथे जवळ वेधशाळा नसते, तेथे एकाच केबलवर दोन संवेदक मागेपुढे ओढतात. कालानुसार होणारा बदल दोघांनाही सारखाच जाणवत असल्याने वजाबाकीत तो निघून जातो आणि तळाच्या खडकांमुळे पडणारा फरक उरतो.