डायल टोन नाही, पण ४८ व्होल्ट आहेत

लँडलाइनचा रिसीव्हर कानाला लावल्यावर येणारा तो सलग सूर फोनच्या पोटात तयार होत नाही. तो एक्स्चेंजमधून येतो, आणि मागितल्यावरच येतो. रिसीव्हर खाली असताना एक्स्चेंजची बॅटरी तांब्याच्या दोन तारांवर सुमारे ४८ व्होल्टचा दाब धरून असते. प्रवाह मात्र वाहत नाही, कारण फोनमधला हुकचा स्विच उघडा असतो. रिसीव्हर उचलला की स्विच मिटतो, मंडल पूर्ण होतं आणि साधारण २० ते ५० मिलिअँपिअर प्रवाह वाहू लागतो. या प्रवाहावरून एक्स्चेंज ओळखतं की कुणाला तरी फोन लावायचा आहे, आणि सूर पाठवतं. अमेरिकेत तो ३५० आणि ४४० हर्ट्झ अशा दोन स्वरांचा असतो, युरोपातल्या बऱ्याच देशांत ४२५ हर्ट्झचा एकच.

फोन डेड झाला की बहुतेक जण आधी फोन बदलतात. मला हे नेहमी उलटं वाटतं. उपकरणाला हात लावण्याआधी लाइनच बरंच काही सांगते, आणि तेही फुकट.

मोबाइलवरून त्या नंबरला फोन लावा. मोबाइलमध्ये रिंग वाजताना ऐकू येते, पण इकडे घंटी मुकी? मग बहुधा तार कुठेतरी तुटली आहे. एक्स्चेंजच्या दृष्टीने तुटलेली लाइन आणि रिसीव्हर खाली असलेली लाइन यांत फरक नाही, म्हणून ते बिचारं घंटीचा प्रवाह पाठवत राहतं. याउलट एंगेज टोन आला, तर दोन तारा कुठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत किंवा दुसऱ्या खोलीतल्या एक्स्टेन्शनचा रिसीव्हर नीट बसलेला नाही. एक्स्चेंजला या दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात: प्रवाह वाहतोय, म्हणजे फोन उचललेला आहे. ते आधी डायल टोन देतं, बराच वेळ कुणी नंबर लावला नाही की कर्कश इशारा देतं आणि शेवटी लाइन बाजूला काढून ठेवतं. नंतर कुणी रिसीव्हर उचलला तर त्याला शांतताच मिळते. घरातले सगळे फोन एकाच जोडीवर समांतर जोडलेले असल्यामुळे एका खोलीतला शॉर्ट सगळ्या खोल्यांतले फोन बंद पाडतो.

दुसरी चाचणी आणखी सोपी. तारेवरच चालणाऱ्या साध्या फोनच्या माउथपीसमध्ये फुंकर मारा. आपली फुंकर आपल्याच कानात ऐकू आली, तर फोनला लाइनमधून वीज मिळते आहे. तरीही सूर नसेल तर दोष बहुधा तुमच्या भिंतींच्या बाहेर आहे. फुंकरही ऐकू आली नाही, तर प्रवाहच पोचत नाही. वेगळ्या अडॅप्टरवर चालणाऱ्या कॉर्डलेस फोनवर या चाचणीचा भरवसा धरू नये.

मग लाइनचे दोन भाग करायचे. बाहेरची तार घरात शिरते त्या बॉक्सपाशी घरातलं सगळं वायरिंग सोडवा आणि एक चांगला फोन थेट तिथे लावा. सूर आला तर दोष आत आहे. आता एकेक शाखा परत जोडत जा; जिच्यामुळे सूर जाईल, ती शाखा दोषी. हे करताना तारांच्या उघड्या टोकांना हात लावू नका, कारण घंटी वाजते तेव्हा लाइनवर ७५ ते ९० व्होल्टचा एसी दाब येतो. आणि बाहेर विजा चमकत असतील तर काम थेट दुसऱ्या दिवशी.

फायबरवर फोन असेल तर गणित वेगळं. तिथे दाबही आणि सूरही घरातला डबाच तयार करतो, त्यामुळे आधी त्याचा वीजपुरवठा आणि फोनचा दिवा बघावा.

आता मल्टीमीटर. अनेकांची फसगत इथेच होते. डीसी व्होल्टवर ठेवलेला मीटर सॉकेटवर ४८ दाखवतो, म्हणून माणूस म्हणतो लाइन ठीक आहे, आणि नवा फोन विकत आणतो. पण समजा वाटेतल्या एका जोडावर ओल शिरून गंज चढला आहे आणि तिथे २० किलोओहमचा रोध तयार झाला आहे. मीटरचा स्वतःचा रोध बहुधा १० मेगाओहम असतो. त्यातून इतका नगण्य प्रवाह वाहतो की गंजलेल्या जोडावर जेमतेम ०.१ व्होल्ट खर्ची पडतो. मीटरला सगळं उत्तम दिसतं. फोन उचलल्यावर मात्र २० किलोओहममधून जास्तीत जास्त २.४ मिलिअँपिअर वाहू शकतात. एवढ्याने एक्स्चेंजला फोन उचलल्याचं कळतच नाही, त्यामुळे सूर नाही. म्हणून व्होल्टेज दोनदा मोजावं: एकदा रिसीव्हर खाली असताना, एकदा उचलून. चांगल्या लाइनवर उचलल्यावर ते साधारण ६ ते १० व्होल्टवर येऊन स्थिरावतं. जवळपास शून्यावर कोसळलं, तर जोड शोधायला लागा.

अशा जोडाचं आणखी एक लक्षण असतं: खरखर. बाहेरून फोन आला की घंटीच्या जास्त दाबाने गंजाचा पातळ थर तात्पुरता भेदला जातो, आणि मग लाइन काही काळ सुरळीत चालते. 'कुणाचा फोन आला की आपोआप सुरू होतो' ही तक्रार ऐकली की मला पहिला संशय जोडाचाच येतो. तारा कापून, टोकं नव्याने सोलून, जेल भरलेल्या कनेक्टरने जोडणं हाच त्यावर इलाज.

दोष रस्त्याखालच्या केबलमध्ये असला तरी तो आंधळेपणाने शोधावा लागत नाही. तारा चिकटल्या असतील तर लाइन एक्स्चेंजपासून सोडवून रोध मोजतात. ०.४ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या जोडीचा जाऊन-येऊन रोध किलोमीटरला सुमारे २८० ओहम असतो, म्हणजे १४० ओहम आले तर चिकटलेली जागा अंदाजे अर्ध्या किलोमीटरवर. तार तुटलेली असेल तर रोध मोजून उपयोग नाही. तिथे धारिता, म्हणजे दोन तारांची विद्युतभार साठवण्याची क्षमता, मोजतात. ती किलोमीटरला साधारण ५० नॅनोफॅरड भरते, म्हणून २० नॅनोफॅरड म्हणजे सुमारे ४०० मीटर. लाइन शॉर्ट (तारा चिकटलेल्या) आहे की ओपन (तार तुटलेली), हे तक्रार करतानाच सांगितलंत, तर यांतलं कोणतं माप घ्यायचं हे लाइनमनला निघतानाच ठाऊक असेल.