बाळाच्या लसी, गरोदर आया आणि अमेरिकेतला वंशाचा फरक: मागचा इतिहास

अमेरिकेत गरोदर बायकांना बाळाच्या लसींबद्दल विचारलं की उत्तरं वंशाप्रमाणे बदलतात. 2017-18 मध्ये जॉर्जिया आणि कोलोरॅडो या दोन राज्यांत गरोदर बायकांचा मोठा सर्व्हे झाला, त्यात ब्लॅक आणि लॅटिनो बायकांचा लसीच्या सुरक्षिततेवरचा आणि परिणामावरचा विश्वास गोऱ्या बायकांपेक्षा कमी निघाला. असं काही छापून आलं की कारण म्हणून टस्कीगीच्या सरकारी प्रयोगाचं नाव ठरलेलंच असतं. अलाबामातला तो प्रकार भयानक होता यात वादच नाही, 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षं, सहाशेच्या आसपास ब्लॅक पुरुष, सिफिलिसवर पेनिसिलिन मिळायला लागलं तरी ज्यांना आजार होता त्यांना ते दिलं नाही. पण तिथे लस नव्हती, बाळं नव्हती, आणि झालं ते औषध न देणं होतं. तान्ह्या बाळाच्या लसीबद्दल आईला शंका का येते हे समजून घ्यायचं असेल तर माझ्या मते आधी लॉस एंजेलिसला जायला हवं, आणि त्याबद्दल फारच कमी लिहिलं जातं.

1989 ते 1991 या काळात अमेरिकेत गोवर परत उसळला. पंचावन्न हजारांच्या वर केसेस, 120 च्या वर मृत्यू. फटका बसला तो मुख्यतः मोठ्या शहरांमधल्या गरीब वस्त्यांना, शाळेत जायच्या वयाआधीच्या ब्लॅक आणि लॅटिनो मुलांना. तेव्हा कोणी आयांच्या मनातल्या शंकांबद्दल बोलत नव्हतं. दवाखाना लांब, लसीचे पैसे खिशातून, डॉक्टर दुसरीकडे पाठवणार, तिथे परत रांग, असं सगळं होतं आणि मुलं डोसशिवाय राहत होती. त्यात अजून एक अडचण होती. गोवराची लस वर्षाच्या पुढे देतात कारण आईकडून आलेल्या अँटीबॉडीज बाळाच्या अंगात असतात आणि त्या लसीला काम करू देत नाहीत, पण या साथीत वर्षाच्या आतली बाळंसुद्धा आजारी पडत होती. म्हणून सहाव्या महिन्यात चालेल अशी लस मिळते का हे बघायचं ठरलं. हेतू वाईट नव्हता हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं वाचताना ते विसरायला होतं.

1990 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये केंद्रातल्या आरोग्य यंत्रणेने एका मोठ्या खासगी आरोग्य संस्थेबरोबर चाचणी सुरू केली. एडमन्स्टन-झाग्रेब नावाची लस, बाहेरच्या बऱ्याच देशांत वापरात होती पण अमेरिकेत तिला लायसन्स नव्हतं. सुमारे 1,500 बाळं, बहुतेक ब्लॅक आणि लॅटिनो. आईबापांकडून कन्सेंट फॉर्मवर सही घेतली होती, पण या लसीला इथे लायसन्स नाही आणि ती प्रायोगिक आहे हे त्यांना सांगितलंच नव्हतं. दरम्यान सेनेगल आणि गिनी-बिसाऊमधून बातम्या येत होत्या की याच लसीचा जास्त ताकदीचा डोस घेतलेल्या मुलींमध्ये पुढच्या दोन-तीन वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसतंय. 1991 मध्ये लॉस एंजेलिसची चाचणी थांबवली. आणि लोकांना हे सगळं कळलं कधी, तर 1996 मध्ये, म्हणजे ती बाळं शाळेत जायला लागल्यावर. तेव्हा यंत्रणेच्या प्रमुखांनी चूक झाल्याचं मान्य केलं.

यावर दोन बाजू आहेत आणि दोन्ही आजही मांडल्या जातात. एक म्हणजे लस नवीन नव्हती, लाखो मुलांना दिली गेली होती, साथ डोक्यावर होती, लॉस एंजेलिसच्या मुलांना त्यामुळे इजा झाल्याचं दिसलं नाही, राहून गेली ती फॉर्मवरची एक ओळ. दुसरी बाजू अशी की ती एक ओळच तर आईच्या हातात होती. आईला विचारायचं असतं ते हेच ना, की ही लस सगळ्यांच्या बाळांना देतात का फक्त आमच्या? त्या चाचणीत याचं खरं उत्तर तिला मिळालं नाही. मला दुसरी बाजू जास्त पटते, आणि इजा झाली नाही म्हणून प्रश्न संपत नाही असं मला वाटतं, कारण सही घेताना ते कोणालाच माहीत नव्हतं.

शिवाय हे शहर लॉस एंजेलिस होतं. तिथल्याच एका सरकारी हॉस्पिटलमध्ये साठच्या दशकाच्या शेवटापासून सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मेक्सिकन वंशाच्या बायकांच्या नसबंदीच्या ऑपरेशनसाठी सह्या घेतल्या गेल्या, त्याही कळा सुरू असताना, इंग्रजी कागदांवर, ज्यातल्या अनेकींना इंग्रजी येत नव्हतं. दहा बायका कोर्टात गेल्या आणि 1978 मध्ये केस हरल्या. काउंटीने माफी मागितली ती 2018 मध्ये. त्या बायकांच्या मुली-भाच्या नव्वदच्या दशकात आई होत होत्या, त्यामुळे बाळंतपणाच्या वॉर्डात पुढे केलेला कागद म्हणजे काय हे त्या घरांमध्ये ऐकून माहीत होतं.

गोवराच्या साथीनंतर 1993 मध्ये कायदा झाला आणि 1994 पासून गरीब आणि विमा नसलेल्या मुलांना सरकारी खर्चाने लस मिळायला लागली. याचा उपयोग झाला, खूप झाला, लसीकरणातली वंशाची दरी बरीच कमी झाली. पण आकड्यांमध्ये एक गोष्ट गोंधळात टाकते. 2004 च्या सुमाराला देशभरच्या डेटावरून दिसलं की ज्या मुलांना एकही लस दिलेली नाही ती जास्त करून गोऱ्या, लग्न झालेल्या, कॉलेज शिकलेल्या, चांगलं उत्पन्न असलेल्या आयांची आहेत, आणि ज्यांचे काही डोस राहिलेत ती जास्त करून ब्लॅक आणि गरीब घरातली. म्हणजे ठरवून नकार देणारी वेगळी आणि शंका असली तरी जमेल तसं दवाखान्यात जाणारी वेगळी. शंका म्हणजे नकार नाही, आणि नकार देणाऱ्या आयांवर वंशाचं लेबल मात्र कोणी लावत नाही.

पुढे ऑटिझमचा विषय आला. एमएमआरमुळे (गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्र लस) ऑटिझम होतो असं सुचवणारा इंग्लंडमधला 1998 चा पेपर 2010 मध्ये मागे घेतला गेला हे बऱ्याच जणांना माहीत आहे. त्यापेक्षा ब्लॅक आयांपर्यंत जास्त पोचलं ते अटलांटाचं प्रकरण. एमएमआर आणि ऑटिझमवरच्या 2004 च्या एका अभ्यासातले ब्लॅक मुलांचे आकडे लपवले असा आरोप 2014 मध्ये झाला, त्याच आकड्यांवर परत केलेलं गणित छापून आलं आणि त्याच वर्षी तो नवा पेपर मागे घ्यावा लागला. मूळ अभ्यासात एक साधं कारण दिलं होतं, ऑटिझम असलेल्या मुलांना स्पेशल प्रीस्कूलमध्ये प्रवेशासाठी लस लागायची म्हणून त्या वयात त्यांचं लसीकरण जास्त दिसतं. हे कारण समजावून सांगायला वेळ लागतो, आणि तोपर्यंत ‘आकडे लपवले’ हे लोकांना पटून गेलेलं असतं, कारण आधी लॉस एंजेलिसमध्ये खरंच लपवलेलं होतं.

मिनेसोटातल्या सोमाली आयांचं तर उलटंच. 2004 मध्ये त्यांच्या दोन वर्षांच्या मुलांपैकी 92 टक्क्यांना एमएमआर मिळालेली होती, 2014 पर्यंत ते 42 टक्क्यांवर आलं. मधल्या काळात मिनिअ‍ॅपोलिसमध्ये सोमाली मुलांत ऑटिझम जास्त दिसतोय अशी काळजी सुरू झाली, यंत्रणेकडून पटेल असं उत्तर मिळेना, आणि लसविरोधी लोक तिथे जाऊन सभा घ्यायला लागले. 2017 मध्ये राज्यात गोवराच्या 75 केसेस झाल्या, बहुतेक याच समाजातल्या. या आयांना ‘ब्लॅक’ या एकाच रकान्यात टाकलं तर यातलं काहीच दिसत नाही.

‘एशियन’ रकान्याचंही तसंच, ज्यात आपल्याकडून गेलेल्या मराठी मुलीही येतात आणि व्हिएतनामी, चिनी बायकाही. इथे मुद्दा हेपॅटायटिस बी या यकृताच्या आजाराचा. पूर्व आशियातून आलेल्या बायकांमध्ये हा आजार जास्त, आईकडून बाळाला जन्माच्या वेळी जातो. 1999 मध्ये थायमेरोसलच्या (लस टिकावी म्हणून घालायचं पारा असलेलं रसायन) काळजीपोटी जन्मानंतर लगेच द्यायचा डोस पुढे ढकलायला सांगितलं, फक्त ज्या आयांची टेस्ट निगेटिव्ह आहे त्यांच्या बाळांसाठी, पण काही हॉस्पिटलांनी सगळ्यांचाच बंद केला. मिशिगनमध्ये पॉझिटिव्ह आईचं तीन महिन्यांचं बाळ त्यात गेलं. नंतर 2005 मध्ये जवळपास सगळ्याच बाळांना हॉस्पिटलमधून सोडायच्या आत, आणि 2018 मध्ये 24 तासांच्या आत, असा नियम झाला. डिसेंबर 2025 मध्ये केंद्राच्या सल्लागार समितीने तो बदलायचं मत दिलं: निगेटिव्ह आईच्या बाळाला पहिला डोस द्यायचा की नाही हे घरच्यांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावं. म्हणजे ते बोलणं गरोदरपणातच व्हायला हवं, आणि वरच्या सर्व्हेमध्ये ज्यांचा विश्वास कमी दिसला त्या बायकांशी ते कोण, कधी आणि कोणत्या भाषेत करणार हे अजून ठरायचंय.