काळ्या प्लॅस्टिक ट्रिमवरील मेणाचे डाग काढणे

मोटारीच्या रंगवलेल्या पत्र्याला मेणाचे पॉलिश लावताना त्याचा काही अंश शेजारच्या न रंगवलेल्या काळ्या प्लॅस्टिकवर, म्हणजे ट्रिमवर, लागतो आणि वाळल्यावर तेथे पांढुरके पट्टे उमटतात. ते काढून प्लॅस्टिकला मूळचा काळेपणा परत आणून देणे हे मोटारीच्या निगराणीतील एक किचकट काम आहे. बंपरचा खालचा भाग, चाकांच्या कमानींवरचे क्लॅडिंग (पत्र्यावर बसवलेले प्लॅस्टिकचे आवरण), दारांवरच्या पट्ट्या, आरशांची आवरणे आणि पुढच्या काचेखालची वायपरजवळची जाळी या जागी असे डाग हमखास आढळतात. भारतात कमी किमतीच्या श्रेणीतील अनेक मोटारींचे आरसे व दारांच्या मुठी न रंगवता काळ्याच ठेवलेल्या असतात, आणि एसयूव्हीच्या धर्तीवरील गाड्यांना तर खालून चहूबाजूंनी काळे क्लॅडिंग असते. त्यामुळे रंग आणि प्लॅस्टिक एकमेकांना भिडतात अशी कड बरीच लांब असते.

या भागांसाठी बहुधा पॉलिप्रॉपिलीन वापरतात. धक्का सोसावा म्हणून त्यात रबर, ताठरपणा यावा म्हणून शंखजिऱ्याची पूड आणि काळ्या रंगासाठी काजळीसारखा कार्बन ब्लॅक मिसळलेला असतो. कार्बन ब्लॅक उन्हातील अतिनील किरणही शोषून घेतो. साचातून काढतानाच पृष्ठभागावर चामड्यासारखी बारीक खरबरीत नक्षी उठवलेली असते, कारण गुळगुळीत प्लॅस्टिकवर ओरखडे आणि चकाकी दोन्ही डोळ्यांत भरतात. डागांच्या प्रश्नाचे मूळ या नक्षीतच आहे.

पॉलिशमधील मेण सहसा कार्नौबा, पॅराफिन किंवा मधमाश्यांचे मेण यांपैकी एक किंवा त्यांचे मिश्रण असते. कार्नौबा हे ईशान्य ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळते. ते सुमारे ८२ ते ८६° से. तापमानाला वितळते आणि नैसर्गिक मेणांत अतिशय कठीण समजले जाते. हे मेण पेट्रोलियमजन्य द्रावकात कालवलेले असते. द्रावक उडून गेला की मेणाचा थर मागे राहतो व तो फडक्याने पुसून घेतात. गुळगुळीत रंगावर हे सहज जमते, परंतु नक्षीच्या खळग्यांत फडक्याचा धागा पोचत नाही. रंग उजळवणाऱ्या पॉलिशमध्ये घासण्यासाठी चिनी माती किंवा ॲल्युमिना यांसारखी बारीक पूडही असते. ती विरघळत नाही, वितळत नाही आणि सर्वांत चिवटपणे टिकते.

डाग पांढरा दिसतो तो प्रकाशाच्या विखुरण्यामुळे. वाळलेल्या मेणाचे व पुडीचे कण आणि त्यांच्यामधील हवा मिळून प्रकाश सर्व दिशांना परतवतात. पाणी पडताच हवेची जागा पाणी घेते, विखुरणे कमी होते आणि डाग नाहीसा झाल्यासारखा वाटतो. म्हणूनच धुतलेली गाडी ओली असेपर्यंत स्वच्छ दिसते आणि वाळताच पट्टे पुन्हा उमटतात. काम झाले की नाही हे प्लॅस्टिक पूर्ण कोरडे झाल्यावरच ठरवावे.

मेणाचा डाग आणि उन्हाने आलेला फिकेपणा यांत गल्लत होणे हीच या कामातली नेहमीची अडचण आहे. मेणाचे पट्टे रंगाच्या कडेला लागून किंवा हात फिरला त्या वळणाने असतात आणि नखाने खरवडल्यास पांढरी पूड निघते. उन्हाने विटलेले प्लॅस्टिक मात्र आकाशाकडे तोंड केलेल्या भागावर सरसकट करडे पडते. तेथे पृष्ठभागच झिजलेला असल्याने कितीही घासले तरी काळेपणा येत नाही.

डाग काढताना प्रथम कारच्या शाम्पूने धूळ धुऊन घेतात, अन्यथा तीच धूळ पुढच्या घासण्यात ओरखडे पाडते. नंतर सौम्य अल्कधर्मी क्लीनर पातळ करून लावतात आणि मऊ नायलॉनच्या ब्रशने वेगवेगळ्या दिशांनी घासतात. खळग्यांत उतरून कण उचलतो तो ब्रशच. रसायन केवळ बंध सैल करते. सुटलेला मळ लगेच मायक्रोफायबरच्या फडक्याने टिपला नाही, तर तो शेजारच्या खळग्यांत जाऊन बसतो. पाणी मिसळलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल ताज्या, तेलकट डागांवर चांगले चालते. पण कार्नौबा थंड अल्कोहोलात जवळजवळ विरघळत नसल्याने जुन्या डागांवर त्याची मात्रा चालत नाही. अशा वेळी हेअर ड्रायरने किंवा वाफेने मेण मऊ करून ब्रश फिरवणे अधिक उपयोगी ठरते. काही शे अंशांपर्यंत तापणारी हीट गन मात्र टाळावी, कारण पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६० अंशांना वितळते आणि त्याआधीच नक्षी दबून कायमचा चकचकीत चट्टा पडू शकतो. छोट्या डागासाठी पांढरा खोडरबरही पुरतो.

पीनट बटर चोळण्याचा घरगुती उपाय सर्वत्र सांगितला जातो. त्यातील तेल मेण थोडेफार मऊ करते हे खरे. मात्र पुष्कळदा ते खळगे भरून डाग केवळ झाकते, आणि तेल धुऊन गेले की पांढरेपणा परत येतो. चमक आणणाऱ्या सिलिकॉनयुक्त ड्रेसिंगलाही हेच लागू आहे. रॉकेल आणि पेट्रोल मेण विरघळवतात, पण त्यांनी पॉलिप्रॉपिलीन व काचेभोवतीचे रबर फुगते. शिवाय पेट्रोलच्या वाफा सहज पेट घेतात. मेलामाइनचा पांढरा स्पंज स्वतःच अपघर्षक असल्याने नक्षीची शिखरे घासून टाकतो. आरशासारखे चकचकीत काळे प्लॅस्टिक आणि हेडलाइटची आवरणे वेगळ्या पदार्थांची असतात. तीव्र द्रावकांनी त्यांना तडे जाऊ शकतात, म्हणून ही पद्धत तेथे वापरत नाहीत.

पॉलिश करण्यापूर्वी कडेला मास्किंग टेप लावणे हा श्रम वाचवणारा उपाय आहे. चुकून लागलेले मेण वाळण्याआधी ओल्या फडक्याने लगेच पुसले, तर पुढचे काही करावे लागत नाही. ट्रिमवर सिरॅमिक लेप (टिकाऊ संरक्षक थर) द्यायचा असेल तर आधी डाग पूर्ण काढावे लागतात, कारण मेणावर लेप नीट धरत नाही आणि जेथे धरतो तेथे डाग त्याच्याखाली कोंडला जातो.