पॉडला नाव मिळालं तेव्हा: कुबरनेटीसवर डेटाबेस कसा रुळला

आज कुबरनेटीसवर, म्हणजे अनेक मशीनवर प्रोग्रॅम चालवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या यंत्रणेवर, पोस्टग्रेस या डेटाबेसचं क्लस्टर (एकाच डेटाच्या प्रती सांभाळणारा सर्व्हरचा गट) उभं करायला दहा-बारा ओळींची यामल फाइल (काय हवं ते लिहून द्यायची साधी फाइल) पुरते. प्रकार ‘क्लस्टर’, इन्स्टन्सेस ३, डिस्क ५० जीबी. अप्लाय मारलं की थोड्या वेळात एक प्रायमरी (ज्यावर लिहिलं जातं तो मुख्य सर्व्हर) आणि दोन रेप्लिका (त्याच्या प्रती) हजर. या कामात नव्याने आलेल्या मुलामुलींना हे इतकं आयतं मिळतं की यात अवघड काय होतं, असं ते विचारतात. त्या दहा-बारा ओळींमागचा प्रवास त्यांना माहीत असावा, असं मला मनापासून वाटतं. कारण फेलओव्हर (पडलेल्या प्रायमरीची जागा रेप्लिकाने घेणं) मध्येच अडकतो तेव्हा यामल फाइल काही सांगत नाही.

गूगलने कुबरनेटीस जून २०१४ मध्ये जाहीर केलं आणि २१ जुलै २०१५ ला त्याची १.० आवृत्ती आली. मागे अनुभव होता तो गूगलच्या आतल्या ‘बोर्ग’ यंत्रणेचा. बोर्गवर बिगटेबलसारख्या साठवणुकीच्या यंत्रणाही चालत, पण त्या मुळातच शेकडो मशीनवर पसरून राहण्यासाठी लिहिलेल्या होत्या. बाहेरच्या जगात होते मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस. आपल्याला एक मशीन मिळेल, त्याची डिस्क कायम आपलीच राहील, हे गृहीत धरून वाढलेले. कुबरनेटीसचं गृहीतक नेमकं उलटं होतं: सगळे पॉड (प्रोग्रॅम चालवायचे छोटे कप्पे) सारखे, एक गेला तर त्याच्या जागी दुसरा. वेब सर्व्हरला हे चालतं. डेटाबेसमध्ये प्रायमरी आणि रेप्लिका सारख्या नसतात, आणि कोण कोण आहे हे विसरलं तर डेटा जातो.

हा पेच यूट्यूबने आधीच सोसला होता. तिथे २०१० मध्ये मायएसक्यूएल अनेक मशीनवर पसरवणारं ‘विटेस’ सुरू झालं. पुढे यूट्यूबला बोर्गवर जावं लागलं आणि तिथली स्थानिक डिस्क प्रोग्रॅम दुसरीकडे हलला की पुसली जायची. तेव्हा त्यांनी भरवसा डिस्कवरून काढून रेप्लिकेशनवर ठेवला: दुसऱ्या मशीनवर प्रत पोचल्याशिवाय व्यवहार पक्का मानायचा नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोलाची कल्पना हीच. विटेस २०१८ मध्ये सीएनसीएफमध्ये (कुबरनेटीससारखे मुक्त प्रकल्प सांभाळणाऱ्या संस्थेत) आलं आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथे ‘ग्रॅज्युएट’, म्हणजे परिपक्व प्रकल्प ठरलं.

त्या काळात सर्व्हरबद्दल एक इंग्रजी उपमा सगळ्यांच्या तोंडी होती: काही सर्व्हर घरातल्या लाडक्या कुत्र्या-मांजरासारखे, नावाने हाक मारावी असे, बाकीचे नुसत्या क्रमांकाने मोजायच्या गुरांसारखे. आपल्याकडे बैलालाही सर्जा-राजा म्हणून हाक मारतात, त्यामुळे ही उपमा मला कधी नीटशी पटली नाही. पण तिच्यातूनच कुबरनेटीसमधलं नाव आलं. जुलै २०१६ च्या १.३ आवृत्तीत डेटा सांभाळणाऱ्या पॉडसाठीचा ‘पेटसेट’ दाखल झाला. डिसेंबरात १.५ मध्ये त्याचं ‘स्टेटफुलसेट’ असं बारसं झालं आणि डिसेंबर २०१७ मध्ये १.९ आवृत्तीत तो पक्का झाला. त्याने पॉडला ओळख दिली. पोस्टग्रेसचा पीजी-० हा पॉड मेला तर पुन्हा पीजी-० म्हणूनच जन्मणार, त्याच नावाने सापडणार आणि स्वतःचीच डिस्क परत मागणार.

शिवाय एक कडक नियम: त्या नावाचा पॉड एका वेळी एकच. हा नियम मला एका जुन्या नोकरीत कळला. पहाटे तीनच्या सुमारास एक नोड (क्लस्टरमधलं मशीन) ‘नॉट रेडी’ झाला, डेटाबेसचा पॉड ‘टर्मिनेटिंग’वर अडकला आणि नवा काही येईना. डिस्क एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून अनेक मशीनना एकदम वापरता येणाऱ्या साठवणीवर होती. मी पॉड जबरदस्तीने काढायची, फोर्स डिलीटची कमांड टाइप करून बसलो होतो. फोनवर आमच्या डीबीए (डेटाबेस सांभाळणाऱ्या) मॅडम होत्या. त्या म्हणाल्या, “अरे थांब. ते मशीन खरंच मेलंय का ते आधी बघ.” बघितलं, तर मशीन जिवंत होतं, फक्त त्यावरचं क्युबलेट (नोडवर पॉड चालवणारा कुबरनेटीसचा प्रोग्रॅम) पडलेलं. जुना पोस्टग्रेस त्याच फोल्डरवर आरामात चालू होता. मी एंटर दाबला असता तर दोन पोस्टग्रेस एकाच डेटावर लिहीत बसले असते. मशीन आधी बंद केलं, मग पॉड काढला. पीजी-० दुसऱ्या नोडवर उठला आणि डेटा शाबूत होता.

डिस्कची बाजू सावकाश सुधारत गेली. १.६ मध्ये, २०१७ साली, मागणी आली की डिस्क आपोआप तयार होणं स्थिरावलं, १.१३ मध्ये सीएसआय (निरनिराळ्या साठवणी कुबरनेटीसला जोडायची ठरलेली पद्धत) पक्कं झालं, १.२० मध्ये स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत).

पण त्या रात्री मॅडमना जे ठाऊक होतं ते स्टेटफुलसेटला ठाऊक नव्हतं. कोणती रेप्लिका सर्वांत पुढे आहे, कोणाला प्रायमरी करायचं, जुना प्रायमरी परत आला तर त्याला आवरायचं कसं, हे ज्ञान डीबीएच्या डोक्यात असतं. पोस्टग्रेससाठी ते कोडमध्ये उतरवण्याचं मोठं काम झालान्डो या कंपनीच्या ‘पॅट्रोनी’ने केलं. त्याची रीत साधी आहे: प्रायमरीने ‘ईटीसीडी’सारख्या, सगळ्या मशीनना दिसणाऱ्या नोंदवहीत आपल्या नावाची किल्ली ठेवायची आणि ती दर १० सेकंदांनी ताजी करायची. ३० सेकंद ती ताजी झाली नाही तर किल्ली मोकळी, आणि ज्याच्याकडे सर्वांत पुढचा डेटा त्याने ती घ्यायची. किल्ली हातची गेली की जुन्याने स्वतःहून पायउतार व्हायचं.

नोव्हेंबर २०१६ मध्ये कोअरओएस या कंपनीने या विचाराला नाव दिलं: ‘ऑपरेटर’, म्हणजे यंत्रणा चालवणाऱ्या माणसाचं काम करणारा प्रोग्रॅम. त्यांनी सुरुवातीला दोन ऑपरेटर दिले, एक ईटीसीडीसाठी आणि एक देखरेखीच्या प्रोमिथियससाठी. २०१७ च्या १.७ आवृत्तीत सीआरडी (आपले नवे प्रकार जोडायची सोय) आल्या आणि ‘पॉड’सारखाच ‘क्लस्टर’ हा शब्द कुबरनेटीसला शिकवता येऊ लागला. क्रंची डेटा, झालान्डो, पर्कोना असे एकेकाचे ऑपरेटर त्या सुमारास आणि पुढे रांगेने आले.

गंमत म्हणजे, इतक्या खटपटीने मिळालेला स्टेटफुलसेट पुढे काहींना अपुरा वाटला. त्याच्या साच्यातला डिस्कचा आकार नंतर बदलता येत नाही, आणि त्याच्या लेखी पीजी-० नेहमीच पहिला, मग प्रायमरी पीजी-२ वर का असेना. सेकंडक्वाड्रंट या पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या कंपनीच्या इटलीतल्या मंडळींनी हे ओळखलं. ही कंपनी २०२० मध्ये ईडीबी या दुसऱ्या पोस्टग्रेस कंपनीने घेतली, ज्या ईडीबीचं पुण्यातलं ऑफिस इथल्या पोस्टग्रेसवाल्यांना चांगलंच परिचित आहे. या मंडळींच्या कामातून ‘क्लाउडनेटिव्हपीजी’ हे पोस्टग्रेससाठीचं ऑपरेटर-सॉफ्टवेअर उभं राहिलं आणि २०२२ मध्ये ते ओपन सोर्स झालं. ते स्टेटफुलसेट वापरतच नाही. पॉड आणि डिस्क स्वतः हाताळतं. पॅट्रोनीही नाही, प्रायमरी कोण हे थेट कुबरनेटीसच्या एपीआयमधूनच ठरतं. व्यवहारांच्या नोंदी ऑब्जेक्ट स्टोअरमध्ये (क्लस्टरबाहेरच्या फाइल-साठवणीत) पाठवायची व्यवस्था केली असेल, तर डेटाबेसवर फारसं काम नसतानाही दर पाच मिनिटांनी नोंदींची फाइल बाहेर जावी, असं त्यात मुळातच ठरवलेलं आहे. बॅकअप रात्रीच्या क्रॉनवर (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामावर) सोडून झोपणाऱ्या आमच्या पिढीला या पाच मिनिटांची किंमत विचारावी.

या सगळ्याच्या तळाशी ईटीसीडी आहे. कोणता पॉड कुठे, प्रायमरी कोण, हे सगळं कुबरनेटीस तिथेच लिहून ठेवतं. म्हणजे कुबरनेटीसचा स्वतःचाही एक डेटाबेस आहे. पहिल्या ऑपरेटरांपैकी एक त्याच्यासाठी लिहिला गेला होता; तो प्रकल्प नंतर बंद झाला. क्यूबएडीएम या साधनाने उभारलेल्या क्लस्टरमध्ये ईटीसीडी आजही नोडवरच्या एका साध्या फाइलमधून स्टॅटिक पॉड (क्युबलेट थेट चालवतं असा पॉड) म्हणून उठतो, आणि त्याचा स्नॅपशॉट कोणीतरी माणूस किंवा त्याने लावलेला क्रॉन घेतो.