स्पिरिट गमचा ब्रश वेगळा, लेटेक्सचा ब्रश वेगळा

एकांकिका स्पर्धांच्या दिवसांत रंगपटात माझ्या मेकअपच्या टेबलावर दोन लहान बाटल्या शेजारीशेजारी असतात: एक स्पिरिट गमची, एक लिक्विड लेटेक्सची. दोन्हींच्या झाकणाला आतून ब्रश असतो. दोन्हींतला द्रव चेहऱ्यावर वाळला की जवळजवळ पारदर्शक दिसतो, आणि दोन्ही काही ना काही चिकटवायला उपयोगी पडतात. मदतीला येणारी मुलं दोन्हींना सरसकट ‘गम’ म्हणतात. प्रयोग संपल्यावर कुणीतरी विचारतं, “दादा, गमचा ब्रश धुऊन ठेवू?” त्यावर माझा प्रश्न ठरलेला: कुठल्या गमचा? कारण एकाचा ब्रश ज्याने स्वच्छ होतो, त्यानेच दुसऱ्याचा कायमचा बाद होतो.

स्पिरिट गम म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेली राळ. रंगाने मधासारखा असतो. दाढी-मिशा, टकलाच्या टोपीची कड, ही त्याची कामं. लावल्यावर अल्कोहोल उडून जातं आणि राळ मागे राहते. पुन्हा अल्कोहोल मिळालं की ती महिन्याभरानंतरही विरघळते.

लिक्विड लेटेक्स हा रबराच्या झाडाचा चीक. दुधासारखा पांढरा, आणि झाकण उघडलं की अमोनिया नाकाला झोंबतो. पाण्यात रबराचे अगदी बारीक कण तरंगत असतात. ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून अमोनिया घातलेला असतो. पाणी आणि अमोनिया उडाले की कण एकजीव होऊन सलग रबर तयार होतं. दह्याचं परत दूध होत नाही, तसं या रबराचं परत लेटेक्स होत नाही. सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूला रबराच्या बागा आहेत. रबराचे शीट करताना गोळा केलेल्या चिकात फॉर्मिक आम्ल घालून तो मुद्दाम थिजवतात. शीटसाठी हवं असलेलं हे थिजणं ब्रशच्या केसांत झालं, तर तो ब्रश गेलाच म्हणायचा.

हे मी किंमत मोजून शिकलो. सुरुवातीच्या काळात एकदा खोट्या जखमेच्या कडा करायला माझा चांगला, खऱ्या केसांचा ब्रश लेटेक्समध्ये बुडवला. काम झाल्यावर स्पिरिट गमचा ब्रश धुतो तसाच तो ओला असतानाच अल्कोहोलच्या वाटीत फिरवला. डोळ्यांसमोर त्याच्या टोकाला पांढरा गोळा जमला. अल्कोहोलमध्ये लेटेक्स विरघळत नाही, उलट दूध फाटावं तसं फाटतं. केस एकमेकांत असे घट्ट बसले की कंगवा फिरवला तेव्हा केसांसकट रबर बाहेर आलं.

उलटी चूकही तितकीच नेहमीची. स्पिरिट गमचा ब्रश थेट नळाखाली धरला की राळ पाण्यात विरघळत नाही. ती पांढुरकी, चिकट होऊन केसांना धरून बसते. घामाने मिशीखाली जो पांढुरका थर दिसतो, तो हाच प्रकार. पण हा ब्रश वाचवता येतो. परत अल्कोहोलमध्ये बुडवायचा, थोडा धीर धरायचा, एवढंच.

म्हणून लेटेक्सच्या ब्रशची खरी निगा ब्रश बुडवण्याआधीच घ्यावी लागते. स्वस्तातला नायलॉनचा ब्रश घ्यायचा, खऱ्या केसांचा नाही. तो ओला करून अंघोळीच्या साबणाच्या वडीवर घासायचा, केसांच्या मुळापर्यंत साबण पोचला पाहिजे. जास्तीचा साबण बोटांनी निपटून काढायचा आणि मग लेटेक्समध्ये बुडवायचा. साबणामुळे रबर थेट केसांना धरत नाही. शेजारी साबणाच्या पाण्याची वाटी ठेवायची आणि दर दोन-तीन मिनिटांनी त्यात ब्रश खळबळायचा. कापूस-टिश्यूचे थर लावताना आपण चेहऱ्याकडे बघत राहतो आणि हातातला ब्रश तेवढ्यात वाळतो, हे कायम होतं. शेवटी साबण लावून गार पाण्याने धुवायचा. गरम पाण्याने लेटेक्स लवकर धरतं. मुळाशी वाळलेलं रबर दिसलं तर चिमटीत धरून ओढून बघावं. साबण नीट लागला असेल तर ते मोज्यासारखं निघतं. नसेल तर ब्रश टाकून द्यावा.

स्पिरिट गमचं काम साखरेच्या पाकासारखं आहे. पातळ थर द्यायचा आणि बोटाने टिपत राहायचं. बोट उचलताना तार धरली की मगच मिशी दाबायची. ब्रश धुवायला स्टीलच्या वाटीत थोडं 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा स्पिरिट गम रिमूव्हर घ्यावं. ब्रश फिरवायचा, टिश्यूला पुसायचा, द्रव बदलून परत फिरवायचा. बोटाला चिकट लागेनासा झाला की मगच साबण-पाणी. हा क्रम उलटा करू नका. आणि प्रयोगाआधी नटराजपूजनाची उदबत्ती लावलेली असेल, तर ही वाटी तिच्यापासून लांब ठेवा. अल्कोहोल क्षणात पेट घेतं.

धुतलेला ब्रश निर्जंतुक करायला मात्र 70 टक्के अल्कोहोल चांगलं. त्यातल्या पाण्यामुळे ते जंतूंवर जास्त परिणाम करतं, आणि 99 टक्केवालं तितका वेळ टिकतच नाही, उडून जातं. झाकणातल्या ब्रशने एका नटाच्या ओठावर मिशी लावायची आणि तोच ब्रश बाटलीत परत घालायचा, हे मला अजिबात पटत नाही. गम छोट्या वाटीत काढून घ्यावा, लेटेक्सही.

दोन्ही ब्रश वाळवताना आडवे ठेवतो. उभे ठेवले की ओल केस धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या पट्टीत उतरते, आतला डिंक सुटतो आणि केस गळायला लागतात.

आता माझ्या ब्रशांच्या दांड्यांना चिकटपट्टी असते: गमला लाल, लेटेक्सला पांढरी. पांढऱ्या पट्टीचा ब्रश दुसऱ्या कामाला कधीच वापरत नाही, कारण लेटेक्सची ॲलर्जी काही जणांत गंभीर असते. तालमीच्या दिवशीच नटाला तसं विचारून घेतो आणि मनगटाच्या आत एक ठिपका लावून दुसऱ्या दिवशी बघतो. लाली उठली, तर त्या नटापुरती लेटेक्सची बाटली उघडतच नाही.